स्टीव्हन्सन आणि राजा कालाकाउआ: पाच महिन्यांच्या मैत्रीवर लेख कसा तयार करावा

‘ट्रेझर आयलंड’वाला रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन आणि हवाईचा राजा डेव्हिड कालाकाउआ यांची दोस्ती हा विषय दिवाळी अंकाला किंवा वाचनालयातल्या तासाभराच्या व्याख्यानाला शोभतो. आजारी लेखक, शिडाचं जहाज, राजवाडा, मोती, शँपेन असा सगळा मसाला आयता मिळतो. म्हणूनच या विषयावरचे बरेच लेख एकमेकांवरून उतरवलेले असतात. गोष्ट मोठी आणि पुरावा मूठभर, ही इथली खरी अडचण. त्या मूठभर पुराव्यातून अडीच-तीन हजार शब्दांचा भरवशाचा लेख कसा उभा करायचा आणि तो नेमका कुठे कोसळतो, ते पुढे दिलं आहे.

पहिलं काम तारखांचं

लिहायला बसण्याआधी एक तक्ता करा. रकाने सहा: तारीख, ठिकाण, हजर माणसं, माहिती कुठून मिळाली, ती कधी लिहिली गेली आणि लिहिणाऱ्याचा राजाशी काय संबंध होता. शेवटचे दोन रकाने भरायचा कंटाळा येतो, पण लेखाची किंमत त्यांवरच ठरते. त्याच आठवड्यात लिहिलेलं पत्र आणि पन्नास वर्षांनी लिहिलेली आठवण एकाच ओळीत शेजारी दिसली की कोणाला किती वजन द्यायचं ते आपोआप कळतं.

खुंट्या ठोकल्यासारख्या पक्क्या तारखा या. २८ जून १८८८ रोजी ‘कास्को’ ही भाड्यानं घेतलेली स्कूनर सॅन फ्रान्सिस्कोहून निघाली. जहाजावर स्टीव्हन्सन, पत्नी फॅनी, सावत्र मुलगा लॉईड ऑसबर्न आणि स्टीव्हन्सनची विधवा आई मार्गारेट होती. मार्केसस, पाउमोटू, ताहिती ही दक्षिण पॅसिफिकमधली बेटं करत २४ जानेवारी १८८९ रोजी ते होनोलुलूला पोचले. ३ फेब्रुवारीला राजाच्या उपस्थितीत लुआऊ, म्हणजे तिथली पारंपरिक मेजवानी झाली. ८ फेब्रुवारीला स्टीव्हन्सननं एडिंबराच्या चार्ल्स बॅक्स्टरला पत्र लिहिलं. एप्रिलच्या अखेरीस तो हवाई बेटावरच्या कोना किनाऱ्याला, होओकेना गावी आठवडाभर राहून आला. १० मे रोजी राजाची भाची, १३ वर्षांची राजकन्या काइउलानी शिक्षणासाठी इंग्लंडकडे निघाली. मेच्या उत्तरार्धात स्टीव्हन्सन मोलोकाई बेटावरच्या कलाउपापा कुष्ठवसाहतीत आठवडाभर राहिला. तिथल्या रुग्णांची सेवा करणारे फादर डेमियन त्याआधीच, १५ एप्रिलला वारले होते. २४ जूनला ‘इक्वेटर’ स्कूनरनं मंडळी गिल्बर्ट बेटांकडे निघाली.

म्हणजे मुक्काम १५१ दिवसांचा. त्यातून कोना आणि मोलोकाईचे दोन आठवडे वजा करा. उरलेल्या दिवसांत स्टीव्हन्सनच्या मानेवर ‘द मास्टर ऑफ बॅलन्ट्रे’ बसलेली होती. ती कादंबरी ‘स्क्रिब्नर्स’ मासिकात नोव्हेंबर १८८८ पासून क्रमशः चालू झाली होती आणि शेवटची प्रकरणं लिहून व्हायची होती. त्यामुळे ‘दोघे रोज राजवाड्यात गप्पा मारत बसत’ अशी वाक्यं लिहिताना हात आखडता घ्या. भेटी झाल्या, घरगुती वातावरणात झाल्या, पण कागदावर ठामपणे दाखवता येतील अशा थोड्याच.

तक्त्यात १८८९ नंतरच्या तारखाही हव्यात. कालाकाउआ २० जानेवारी १८९१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या पॅलेस हॉटेलात वारला. १७ जानेवारी १८९३ रोजी त्याची बहीण राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत केलं गेलं. त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात स्टीव्हन्सन सामोआहून पुन्हा होनोलुलूला आला आणि ३ डिसेंबर १८९४ रोजी सामोआतच वारला. सर्वांत जास्त होणारी चूक इथेच होते. १८८९ आणि १८९३ या दोन मुक्कामांची सरमिसळ करतात. वाइकिकीच्या किनाऱ्यावरचं सां सूसी हॉटेल हा १८९३ चा पत्ता. १८८९ मध्ये कुटुंब वाइकिकीलाच, पण भाड्याच्या घरात राहत होतं. सां सूसीच्या व्हरांड्यात राजाशी गप्पा मारणारा स्टीव्हन्सन एखाद्या लेखात भेटला, तर तो लेख तिथेच मिटून ठेवा. तेव्हा राजाला जाऊन अडीच वर्षं झाली होती.

ओळख कुणी करून दिली, ते आधी शोधा

राजा आणि लेखक यांच्या मैत्रीत मधली माणसं गाळायचा मोह होतो. तो आवरा, कारण हे दार स्टीव्हन्सनच्या कीर्तीनं जेवढं उघडलं तेवढंच घरच्या माणसांनीही उघडलं. फॅनीची पहिल्या लग्नाची मुलगी इझोबेल आणि तिचा चित्रकार नवरा जो स्ट्रॉंग हे होनोलुलूत आधीपासून राहत होते आणि दरबारात त्यांची ऊठबस होती. १८८६ च्या शेवटी कालाकाउआनं सामोआला एक शिष्टमंडळ पाठवलं. जॉन बुश त्याचा प्रमुख, हेन्री पुअर सचिव आणि जो स्ट्रॉंग चित्रकार म्हणून सोबत. ३ फेब्रुवारीचा लुआऊ झाला तो याच हेन्री पुअरच्या वाइकिकीच्या घरी.

एका कागदावर सात-आठ नावं लिहून रेघा जोडा: कालाकाउआ, लिलिउओकलानी, काइउलानी, तिचे स्कॉटिश वडील आर्चिबाल्ड क्लेगहॉर्न, पुअर, स्ट्रॉंग दांपत्य, फॅनी. क्लेगहॉर्न एडिंबराचा, स्टीव्हन्सनही एडिंबराचा. काइउलानीसाठी लिहिलेल्या कवितेला जोडलेल्या टिपेत, ही एप्रिलमध्ये लिहिली आणि तिचा वड चालत जाण्याच्या अंतरावर होता, असं स्टीव्हन्सन स्वतः सांगतो. दरबार आणि शेजार यांतलं अंतर किती कमी होतं, ते या एका टिपेवरून वाचकाला कळतं. लेखात ही टीप वापराच.

वयंही नोंदवा. राजा ५२ वर्षांचा, लेखक ३८ चा. राजा वाचणारा, लिहिणारा आणि जुन्या कथा जमवणारा. ‘हवाई पोनोई’ या राष्ट्रगीताचे शब्द त्याचे. १८८८ मध्ये, म्हणजे स्टीव्हन्सन येण्याच्या आदल्याच वर्षी, हवाईच्या दंतकथांचं त्याचं पुस्तक न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स वेबस्टर कंपनीनं काढलं होतं. ही कंपनी मार्क ट्वेनची. १८८९ मध्ये त्याच्याकडच्या ‘कुमुलिपो’ या सृष्टिकथेच्या मंत्राची हवाईयन संहिता छापली गेली. एक लेखक दुसऱ्या लेखकाकडे पाहुणा आला, अशी मांडणी केली तर लेखाला कणा मिळतो. नुसत्या ‘रंगेल राजा’वर तीन हजार शब्द निघत नाहीत. निघालेच तर ते वाचवत नाहीत.

मोत्याची कविता कशी वाचावी

पुराव्यातला सर्वांत भक्कम तुकडा म्हणजे मोत्यासोबत राजाला दिलेली १४ ओळींची कविता. ती ‘साँग्ज ऑफ ट्रॅव्हल’ या १८९६ च्या संग्रहात आहे आणि तिच्याखाली होनोलुलू, ३ फेब्रुवारी १८८९ अशी नोंद आहे. इंटरनेटवर फुकट मिळते. भावार्थ देऊन पुढे पळू नका. तिच्यातून चार गोष्टी हाताला लागतात.

एक, कवितेत ‘कास्को’ला रुपेरी जहाज म्हटलं आहे आणि हे नाव तिला ‘तुझे पूर्वज ज्या बेटांवरून आले’ तिथल्या लोकांनी दिलं, असं कवी राजाला सांगतो. दक्षिणेकडच्या बेटांवरून पॉलिनेशियन लोक हवाईत आले, हे स्टीव्हन्सनला माहीत आहे आणि राजाला त्याचा अभिमान आहे, हेही माहीत आहे. पाहुण्यानं यजमानाच्या कुळाचा मान नेमक्या शब्दांत राखला आहे.

दोन, राजवाड्याखालच्या बंदरात जहाज उभं आहे असं कविता म्हणते. म्हणजे ३ फेब्रुवारीला ‘कास्को’ अजून होनोलुलूतच होती. तक्त्यात हे लिहून ठेवा. जहाज कधी परत गेलं याबद्दल वेगवेगळी विधानं समोर येतात, तेव्हा ही ओळ उपयोगी पडते.

तीन, राजाला आवडल्यामुळे ही वस्तू आता दुप्पट मोलाची झाली, असं कवी म्हणतो. बारकाईनं पाहा: मोती राजाच्या नजरेस आधीच पडला होता आणि त्यानं तो वाखाणला होता, भेट त्यानंतर दिली. म्हणजे मेजवानीच्या आधीही निदान एक सैल, घरगुती भेट झालेली असणार. येऊन जेमतेम दहा दिवस झाले होते. मैत्री किती लवकर जमली याचा याहून चांगला पुरावा शोधून सापडायचा नाही.

चार, राजांना जे आवडतं ते त्यांना देण्याचा हक्क भाटांचा, आणि तो वीणेइतका जुना आहे, असं तो बजावतो. इथे स्टीव्हन्सन अर्धा विनोदात स्वतःला दरबारी कवी करून घेतो. हवाईत राजांच्या नावे रचलेली स्तुतिगीतं, ‘मेले इनोआ’, ही जिवंत परंपरा होती आणि कालाकाउआनं ती १८८३ च्या राज्याभिषेकात आणि १८८६ च्या पन्नासाव्या वाढदिवसाला हुला नृत्यासह उघड मंचावर आणली होती. इंग्रजी कविता तिथल्या रिवाजात बरोबर बसली.

मोती प्रत्यक्ष कुणी राजाच्या हातात ठेवला, यावर वर्णनं जुळत नाहीत. काहींत फॅनीचं नाव येतं, काहींत स्टीव्हन्सनचं. ‘स्टीव्हन्सन दांपत्यानं’ असं लिहा आणि पुढे चला. एवढ्यावर परिच्छेद खर्च करण्यात अर्थ नाही.

शँपेनची पत्रं: इथे पाय घसरतो

बॅक्स्टरच्या पत्रात स्टीव्हन्सन राजाला बुद्धिमान, उमदा माणूस म्हणतो आणि लगेच त्याच्या पिण्याच्या ताकदीवर येतो: एका दुपारी साडेतीन तासांत शँपेनच्या पाच बाटल्या झाल्याचा आपण हिशोब केला, तरी राजा शेवटीही चारचौघांत शोभेल असाच होता, उलट थोडा अधिकच रुबाबदार. त्याच महिन्यात चुलतभाऊ बॉबला लिहिलेल्या पत्रातही राजा आणि शँपेन येतंच.

या मजकुरात तीन खड्डे आहेत. पहिला: दोन पत्रांतली दोन वर्णनं म्हणजे दोन मेजवान्या, असं धरलं जातं. गमतीची गोष्ट माणूस दोन मित्रांना दोनदा लिहितो, आकडाही थोडा बदलतो. तक्त्यात तिला एकच ओळ द्या. दुसरा: पत्र कुणाला लिहिलं आहे ते पाहिलं जात नाही. बॅक्स्टर हा तरुणपणी एडिंबराच्या गुत्त्यांतला सोबती. त्या दोघांच्या पत्रांचा सूरच असा की मद्याचा विषय आला की अतिशयोक्ती ठरलेली. तिसरा खड्डा सर्वांत खोल. वाक्याचा पहिला अर्धा, बुद्धिमान माणूस, गाळून दुसरा अर्धा तेवढा उचलला जातो. कारण ‘दारुडा राजा’ हे चित्र होनोलुलूतल्या राजाच्या विरोधकांना हवंच होतं आणि नंतरच्या पुस्तकांनी ते पुढे चालवलं.

शक्यतो लेखाची सुरुवात या पत्रानं करू नका. मध्यावर आणा, आणि आणण्याआधी पुढचा भाग सांगून झालेला असू द्या.

१८८७ सांगितल्याशिवाय १८८९ कळत नाही

तीन हजार शब्दांपैकी निदान पाचशे यासाठी राखून ठेवा. स्टीव्हन्सन ज्या राजाला भेटला, त्याच्या हातून सत्ता बरीचशी गेलेली होती. ६ जुलै १८८७ रोजी, ‘होनोलुलू रायफल्स’ ही सशस्त्र तुकडी शहरात उभी असताना, कालाकाउआला नवी राज्यघटना मान्य करावी लागली. तिला संगिनींची घटना म्हणतात. मंत्रिमंडळ विधिमंडळाच्या संमतीशिवाय बदलता येईना, राजाचा नकाराधिकार दोनतृतीयांश मतांनी मोडता येऊ लागला. विधिमंडळाच्या वरिष्ठ सभासदांसाठी मत द्यायला ३००० डॉलरची मालमत्ता किंवा वर्षाला ६०० डॉलरचं उत्पन्न लागू लागलं. त्यामुळे बहुसंख्य हवाईयन त्या मतदानातून बाहेर पडले, आशियाई लोकांना तर मताधिकारच उरला नाही. त्याच वर्षी साखरेच्या व्यापारकराराच्या नूतनीकरणासोबत पर्ल हार्बरच्या वापराचा खास हक्क अमेरिकेला मिळाला.

आता पाच बाटल्यांचं दृश्य पुन्हा वाचा. दुपारभर पाहुण्यांत बसायला वेळ असलेला राजा हा स्वभावाचा भाग होता, तसा राजकारणाचाही. स्टीव्हन्सन निघून गेल्यावर पाच आठवड्यांनी, ३० जुलै १८८९ रोजी रॉबर्ट विलकॉक्सनं ती घटना उलथवण्यासाठी उठाव केला आणि तो फसला. लेखाच्या शेवटाकडे ही तारीख आली तर वाइकिकीच्या निवांतपणाखाली काय शिजत होतं ते वाचकाला जाणवतं. फक्त ‘स्टीव्हन्सनला याची कल्पना होती’ असं पदरचं घालू नका.

कोणतं पुस्तक उघडायचं, कोणतं नाही

बहुतेक जण ‘इन द साऊथ सीज’ उघडतात आणि निराश होतात. ते योग्यच, कारण त्यात मार्केसस, पाउमोटू आणि गिल्बर्ट बेटं आहेत. हवाईचा विभाग नाही. त्यातला भारदस्त राजा आहे तो गिल्बर्ट बेटांपैकी आपेमामाचा टेम्बिनोक, आणि घाईत वाचणारे त्यालाच कालाकाउआ समजून बसतात. दोघांत जमीनअस्मानाचा फरक. कालाकाउआ विधिमंडळानं १८७४ मध्ये निवडलेला, जगप्रवास केलेला, विजेचे दिवे लावलेल्या इओलानी राजवाड्यात राहणारा. टेम्बिनोक तीन प्रवाळबेटांचा सर्वाधिकारी, परक्यांना बेटावर राहू न देणारा, कोठारात व्यापारी माल साठवणारा आणि स्वतः कविता करणारा. त्यानं स्टीव्हन्सन मंडळींना १८८९ च्या उत्तरार्धात राहायला जागा दिली, घरं उभी करून दिली आणि भोवती तापूची, म्हणजे कुणी ओलांडू नये अशी, रेघ आखली.

प्रामाणिक सल्ला असा: लेखात संवाद, प्रसंग, निरोपाचा क्षण असं भरगच्च काही हवं असेल तर विषय बदलून टेम्बिनोक घ्या. त्याच्यावर सात प्रकरणं आयती आहेत, स्टीव्हन्सनच्याच हातची. कालाकाउआवर तसं सलग काही नाही. कविता, पत्रं, इतरांच्या आठवणी आणि छायाचित्रं एवढंच आहे. ते जुळवण्यात गोडी वाटत असेल तरच हा विषय धरा.

पत्रांसाठी दोन पर्याय आहेत. सिडनी कॉल्विननं संपादित केलेली जुनी आवृत्ती फुकट मिळते, पण कॉल्विन स्टीव्हन्सनचा मित्र होता आणि त्यानं मजकूर कापला आहे. येल विद्यापीठाची आठ खंडांची आवृत्ती, बूथ आणि मेह्यू यांची, १९९४-९५ ची. तिचा सहावा खंड ऑगस्ट १८८७ ते सप्टेंबर १८९० हा काळ घेतो. सगळे आठ खंड लागत नाहीत, हा एकच पुरतो. विद्यापीठाच्या ग्रंथालयातून मागवून घ्या आणि कॉल्विनमधून घेतलेलं प्रत्येक उद्धरण त्याच्याशी ताडून पाहा. उद्धरण मराठीत देताना मूळ इंग्रजी वाक्य आपल्या टिपणात तारखेसह उतरवून ठेवा. संपादकानं विचारलं तर तेच कामी येतं.

आठवणींच्या पुस्तकांना चाळणी लावा. इझोबेलचं आत्मचरित्र १९३७ चं, म्हणजे घटनेनंतर ४८ वर्षांनी लिहिलेलं. वातावरण, कपडे, माणसांचे स्वभाव यांसाठी उत्तम. तारखांसाठी आणि कोण कुणाला काय बोललं यासाठी नाही. आर्थर जॉन्स्टन यांचं १९०५ चं पुस्तक पॅसिफिकमधल्या स्टीव्हन्सनवरच आहे, पण तोवर हवाई अमेरिकेत विलीन होऊन सात वर्षं झाली होती. राजाच्या जगप्रवासावरचं विल्यम आर्मस्ट्राँगचं १९०४ चं पुस्तक वाचायला खमंग आहे आणि म्हणूनच धोक्याचं. हा गृहस्थ एके काळी राजाचाच अ‍ॅटर्नी जनरल. विलीनीकरणानंतर लिहिताना त्यानं राजाची यथेच्छ टिंगल केली. त्यातला विनोद उचलायचा असेल तर शेजारी लिलिउओकलानीचं १८९८ चं आत्मकथन ठेवा.

एक पान हमखास विसरलं जातं. १८९२ मध्ये स्टीव्हन्सननं सामोआच्या राजकारणावर ‘अ फुटनोट टू हिस्टरी’ लिहिलं. त्याच्या ‘द सॉरोज ऑफ लाउपेपा’ या प्रकरणात कालाकाउआनं पाठवलेलं ते सामोआचं शिष्टमंडळ येतं, आणि स्टीव्हन्सन त्याकडे उपरोधानं पाहतो. फेब्रुवारी १८८७ मध्ये हवाई आणि सामोआच्या संघाचा करार झाला, जर्मनीला तो खपला नाही आणि सगळा डाव विस्कटला. मोत्याची कविता लिहिणारा माणूस तीन वर्षांनी यजमानाच्या परराष्ट्रधोरणावर असं लिहितो. दोन्ही पानं लेखात समोरासमोर ठेवा. मैत्री होती म्हणून डोळे मिटले नाहीत, आणि डोळे उघडे होते म्हणून मैत्री खोटी ठरत नाही. आमच्या मते या विषयातली सर्वांत रसाळ जागा हीच.

वर्तमानपत्रं घरबसल्या

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’वर होनोलुलूची जुनी इंग्रजी वर्तमानपत्रं फुकट चाळता येतात. राज्य हवाई, काळ २० जानेवारी ते १ जुलै १८८९ असा लावा. नुसतं राजाचं नाव टाकलं तर फार काही हाती येत नाही, कारण बातमीदार त्याला नावानं क्वचितच लिहीत. ‘हिज मॅजेस्टी’ हे इंग्रजी शब्द आणि लेखकाचं आडनाव एकत्र शोधा. आडनाव ‘पीएच’ घालून स्टीफन्सन असंही छापलेलं असतं, तेही टाका. जहाजांच्या आगमन-निर्गमनाच्या रकान्यात ‘कास्को’ आणि ‘इक्वेटर’ पाहिले की तारखा पक्क्या होतात. यंत्रानं अक्षरं ओळखताना चुका केलेल्या असतात, म्हणून सापडलेल्या ओळीवर विसंबू नका. पानाचं चित्र उघडून वाचा.

हवाईयन भाषेतली वर्तमानपत्रं ‘पापाकिलो’ या संग्रहात आहेत. तिथे राजासाठी ‘का मोई’ हा शब्द शोधावा लागतो. आजच्या लिखाणात येणाऱ्या लांब स्वरांच्या रेघा आणि कंठ्य थांब्याची चिन्हं १८८९ च्या छपाईत नसत, तेव्हा शोधताना ती गाळा. भाषा येत नसेल तर निदान राजाची हालचाल कोणत्या दिवशी कुठे होती, एवढं गावांच्या नावांवरून आणि तारखांवरून लागतं.

छायाचित्रं हवाई राज्य अभिलेखागारात आहेत. ही इमारत इओलानी राजवाड्याच्या आवारातच आहे आणि पुष्कळ चित्रं तिच्या संकेतस्थळावर दिसतात. राजाच्या बोटहाउसमधलं चित्र आणि पुअरच्या घरच्या लुआऊचं चित्र ही दोन लेखाला पुरे. चित्राखालचा मजकूर स्वतः तयार करू नका. अभिलेखागाराच्या नोंदीत असलेली नावं तेवढीच द्या. ओळीत बसलेल्या प्रत्येकाला ओळखण्याच्या हौसेपायी जो स्ट्रॉंगचा लॉईड होतो आणि मार्गारेटची फॅनी.

हक्कांचं थोडक्यात: स्टीव्हन्सनचं सगळं लेखन मुक्त आहे. भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. इझोबेल १९५३ मध्ये वारली, म्हणजे तिचंही पुस्तक इथे मोकळं झालं. येलच्या आवृत्तीतल्या संपादकांच्या टिपा मात्र त्यांच्या आहेत. त्या शब्दशः उचलू नका.

नावं आणि एक मुंबईचा धागा

नागरीत नावं लिहिताना एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा: कालाकाउआ, लिलिउओकलानी, काइउलानी, इओलानी, वाइकिकी. सलग स्वर जोडून ‘कलाकुआ’ किंवा ‘लिलुकलानी’ करण्याची सवय इंग्रजी उच्चारांतून येते. मुद्रितशोधकाला ही यादी लेखासोबत पाठवा, नाहीतर तो आपल्या परीनं ‘दुरुस्त’ करतो.

मराठी वाचकांसाठी स्वतःचं काही नवं द्यायचं असेल तर १८८१ कडे वळा. त्या वर्षी कालाकाउआनं पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारा तो पहिला राज्यकर्ता राजा. मेच्या अखेरीस तो कलकत्त्याला उतरला, आगगाडीनं मुंबईला आला आणि जूनमध्ये बोटीनं सुएझकडे गेला. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात त्या काळच्या वर्तमानपत्रांचा संग्रह आहे. मे-जून १८८१ चे अंक मागा. मागताना हवाई हे नाव सांगून भागणार नाही. तेव्हा इंग्रजीत त्या बेटांना सर्रास सँडविच बेटं म्हणत, बातमीचा मथळाही बहुधा त्याच नावाखाली असेल. ‘केसरी’ जानेवारी १८८१ मध्येच सुरू झाला होता. त्याचे पहिल्या सहा महिन्यांचे अंक चाळायला एक दुपार पुरते. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात त्या महिन्यांच्या राजकीय खात्याच्या फायलींची सूची पाहा, आणि फाईल मागण्याच्या अर्जात वर्ष, खातं आणि ‘सँडविच आयलंड्स’ हे तिन्ही लिहा. काही सापडलं तर ते मुख्य लेखात कोंबू नका. वेगळी चौकट करा, तीनशे शब्दांची, कारण मुंबईला आलेला राजा अजून स्टीव्हन्सनला ओळखत नव्हता.